मोबाइलवर डॉक्टरी शिकताना

चीनमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. मार्च २०२० मध्ये चीनने परदेशी लोकांचा प्रवेश थांबवला आणि सुट्टीसाठी घरी आलेली आपली मुले इथेच अडकली. त्या काळात सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी चिनी विद्यापीठांत होते, बहुतेक एमबीबीएसचे. रमजानमध्ये सेहरी, फजर आणि लगेच मोबाइलवर डिंगटॉक उघडून तास!

या मुलांना ऑनलाइन शिक्षण कसे वाटले? आम्ही शिक्षक असल्याने हा प्रश्न अनेकांना विचारला. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले फारशी नाराज नव्हती. तास पुन्हा पाहता येतो, चिनी प्राध्यापकांचे इंग्रजी कळले नाही तर मागे जाता येते, खोलीचे भाडेही वाचते. (अम्मीच्या हातचे जेवण हा फायदा प्रत्येकाने सांगितला.)

पुढच्या वर्षांच्या मुलांचा सूर मात्र वेगळा. पोटावर हात ठेवून यकृत वाढले आहे का हे ओळखायचे, तर समोर रुग्ण हवा. वॉर्डातले रुग्ण चिनी बोलतात; घरी बसून ती भाषाही विसरू लागली. फी मात्र चालूच. मोहल्ल्यात कुणी "डॉक्टर कधी होणार?" विचारले की मुलगी आत निघून जाते, असे एका अब्बांनी सांगितले.

त्यांची भीती खोटी नव्हती. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. ८ फेब्रुवारी २०२२ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, केवळ ऑनलाइन केलेला अभ्यासक्रम मान्य नाही, असे बजावले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. मग जुलैमध्ये, शेवटच्या वर्षात परतलेल्या आणि ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळालेल्यांना परीक्षेची एकदाच सवलत मिळाली. पण इथे एकाऐवजी दोन वर्षे इंटर्नशिप. चीनचे विद्यार्थी व्हिसा ऑगस्टअखेर सुरू झाले. मधल्या वर्गांतली मुले तोवर अधांतरी होती.

आमच्या मते चूक ऑनलाइन तासाची नाही. जीवरसायनशास्त्र पडद्यावर शिकता येते, टाके घालणे नाही. हा फरक मुलांना कळत होता. एजंटांनी मात्र "सगळे चालते" म्हणत नवे प्रवेश घेतले.

पालकांनी एजंटाला पहिली रक्कम देण्याआधी एवढे विचारावे: विद्यापीठ बंद पडले तर प्रात्यक्षिके कुठे होतील, आणि फीचे काय? उत्तर लेखी घ्यावे, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी.