सोलापूरच्या फुटबॉलला सामने हवेत
विद्यापीठ संघाच्या नव्या हंगामाआधी बलस्थानांचा आणि काळज्यांचा आढावा

पावसाळ्यात कॉलेजचे प्रवेश उरकतात आणि शुक्रवार पेठेतल्या फुटबॉलवेड्या पोरांचा नवा हंगाम सुरू होतो. आधी कॉलेजच्या संघात जागा, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, सराव शिबिर आणि शेवटी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ही चढण आहे.

२००४ पर्यंत ही चढण कोल्हापूरमार्गे होती. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत सोलापूर जिल्हाही येत असे. दयानंद किंवा संगमेश्वर कॉलेजच्या मुलाला विद्यापीठाची जर्सी हवी असेल, तर गाठ कोल्हापूरच्या पेठांत वाढलेल्या खेळाडूंशी पडायची. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तिथल्या तालमींची नावं आज फुटबॉलची नावं झाली आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) वरिष्ठ गटात १६ संघ असतात आणि शाहू स्टेडियमवरचे सामने पाहायला पेठाच्या पेठा लोटतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

२००४ मध्ये सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिरवतं. इथल्या मुलांना विद्यापीठ संघाचं दार थेट उघडलं, हे पहिलं बलस्थान. एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ असल्यानं निवड समितीला बार्शी, पंढरपूर, अकलूजची पोरं हाकेच्या अंतरावर आहेत. दुसरं बलस्थान शरीराचं. सोलापूरच्या पेठांतही तालमी आहेत आणि इथलं लेझीम नावाजलेलं आहे. मिरवणुकीत तासन्‌तास ठेका धरून बसणाऱ्या-उठणाऱ्या मांड्यांत ताकद असते, आणि शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवायची सवयही.

काळजी वेगळीच आहे. थेट दार उघडलं, पण रोजचा तगडा प्रतिस्पर्धी गेला. पश्चिम विभागात महाराष्ट्राखेरीज गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठंही येतात. शिवाजी विद्यापीठाचा खेळाडू तिथं येतो तेव्हा पेठेच्या लीगमधले कसोटीचे सामने त्याच्या अंगात मुरलेले असतात. आपल्या पोरानं मात्र हंगामात पुरते नव्वद मिनिटांचे सामने मोजकेच खेळलेले असतात.

याचं एक मूळ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या रचनेत आहे. बाद पद्धतीत १६ संघ उतरले, तर पहिल्या फेरीनंतर ८ संघांचा हंगाम एकाच सामन्यात संपतो. तेच संघ चार-चारच्या गटांत साखळी खेळले, तर प्रत्येकाला किमान ३ सामने मिळतात. पहिल्या सामन्यात बिचकलेला बचावपटू तिसऱ्यात सावरलेला दिसतो, आणि निवड करणाऱ्यालाही खेळाडू नीट कळतो.

दुसरं मूळ वेळापत्रकात आहे. सत्र परीक्षा आणि निवडीचा काळ एकमेकांना खेटून येतात. वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेले खेळाडू थोडक्या दिवसांच्या शिबिरात एकत्र बांधावे लागतात. आघाडीचा खेळाडू स्वतःच्या वेगावर निभावून नेतो. गोलरक्षक आणि त्याच्यापुढची बचावफळी यांचं मात्र तसं नसतं. कोणी पुढे यायचं, कोणी मागे थांबायचं, ही समज एकत्र खेळल्याशिवाय येत नाही. त्यात काळ्या मातीचं मैदान पावसात चिखल होतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं, त्यामुळे जमिनीवरून पास देण्याचा सराव तुटत राहतो. शिवाय पदवीची तीन वर्षं सरली की घडलेला खेळाडू बहुधा नोकरीच्या मागे लागतो.

म्हणून या हंगामाआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला साखळी फेरी जोडावी. संभाव्य खेळाडूंची यादी लवकर करून त्यांना आठवड्यातून एकदा तरी एकत्र खेळवावं. आणि शिबिरातला संघ कोल्हापूरला नेऊन तिथल्या तालीम संघांशी सराव सामने खेळवावेत. तिथं चार-पाच गोलांनी हार झाली तरी चालेल. पश्चिम विभागात एका पराभवानं घरी परतण्यापेक्षा ती हार स्वस्त आहे, आणि आपल्या पोरांना तिच्यातून शिकता येईल.