डॉक्टरांच्या टिपणापासून बिलापर्यंत : मेडिकल कोडिंगचे शिक्षण



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, आणि आता घरोघरी एकच विषय आहे : पोराला किंवा पोरीला पुढे कशाला घालायचे. गेल्या दीड-दोन महिन्यांत शेतकी ऑफिसात ऊसबिलाची चौकशी करायला आलेल्या निदान सात-आठ सभासदांनी खिशातून एकेक रंगीत पत्रक काढून आमच्यापुढे धरले. वर गळ्यात स्टेथास्कोप अडकवलेली हसरी मुलगी, खाली ‘मेडिकल बिलिंग अँड कोडिंग’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के नोकरी’. सर्वांचा प्रश्न एकच. हे प्रकरण आहे तरी काय, आणि यात पैसे घालावेत का? प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा येथे एकदाच सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. त्या पत्रकावरच्या मुलीच्या गळ्यातला स्टेथास्कोप खोटा आहे. या शिक्षणाने कोणी डॉक्टर होत नाही, नर्स होत नाही, कंपाउंडरसुद्धा होत नाही. रोग्याला हात लावायचा नाही, बहुधा त्याचे तोंडही दिसत नाही. हे काम कागद वाचण्याचे आहे, आणि पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथे बसून आपली मुले जे काम करतात त्यातले बहुतेक कागद अमेरिकेतल्या दवाखान्यांचे असतात.

अमेरिकेत माणूस दवाखान्यात गेला की बिलाचा मोठा भाग बहुधा विमा कंपनी भरते. ६५ वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना १९६५ साली मंजूर झाल्या. बाकीच्यांपैकी पुष्कळांचा विमा नोकरीच्या ठिकाणाहून असतो. आता डॉक्टर रोगी तपासून टिपण लिहितो, कधी चार ओळी, कधी चार पाने. विमा कंपनीने ती सगळी वाचत बसायचे म्हटले तर काम उरकणारच नाही. म्हणून रोग कोणता आणि उपचार कोणता हे ठराविक अक्षर-आकड्यांत लिहून पाठवावे लागते. ते लिहिणे म्हणजे कोडिंग. त्यावरून बिल तयार करून पाठवणे, पैसे जमा झाले का पाहणे, अडले असतील तर पाठपुरावा करणे, याला बिलिंग म्हणतात.

खरे म्हणजे ही रीत आपल्याला नवी नाही. आपण उसाची नोंद देतो तेव्हा शेतकी खात्याचा माणूस ‘विहिरीजवळचा चांगला ऊस’ असे काही लिहीत नाही. तो सभासद क्रमांक, गट नंबर, को-८६०३२, लागणीची तारीख, आडसाली की सुरू की खोडवा, एवढेच लिहितो. त्यावरून तोडणीचा कार्यक्रम लागतो, त्याच क्रमांकावर काट्याची पावती निघते आणि त्याच क्रमांकावर बिल जमा होते. एक आकडा चुकला की ऊस तुमचा आणि बिल भलत्याच्या खात्यावर! मग ऑफिसात किती खेटे घालावे लागतात हे जुन्या सभासदांना सांगायला नको. कोडर म्हणजे दवाखान्याचा स्लिपबॉयच म्हणा ना. फरक एवढाच, की त्याच्याजवळच्या एकट्या रोगांच्या पुस्तकात सत्तर हजारांच्या आसपास कोड आहेत.

या पुस्तकाचा इतिहास जुना आहे. कोण कशाने मेले याची वर्गवारी लावण्याचा खटाटोप लंडनमध्ये जॉन ग्राँट यांनी १६६२ साली केला. पुढे फ्रान्सचे बेर्तियों यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली आणि ती अनेक देशांनी उचलली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ही यादी सांभाळते. तिच्या दहाव्या आवृत्तीवरून अमेरिकेने स्वतःची विस्तारित यादी केली, ती आयसीडी-१०-सीएम. तिकडच्या दवाखान्यांना ती १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीची झाली. उपचारांचे पुस्तक वेगळे. ते सीपीटी नावाने ओळखले जाते आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून ते काढते. औषधे, उपकरणे, अँब्युलन्स यांची आणखी एक यादी आहे. ही तीन पुस्तके कोडरची हत्यारे होत, आणि दर वर्षी त्यांत भर पडते, काही कोड गळतात. जुने पुस्तक वापरणे म्हणजे गेल्या हंगामाच्या दराने यंदाचे बिल काढण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊ. एक बाई घसरून पडली आणि उजव्या मनगटाजवळ हाड मोडले. पुस्तकात उजव्या हातासाठी एस ५२.५०१ आहे आणि डाव्यासाठी एस ५२.५०२. एवढ्याने भागत नाही. शेवटी एक अक्षर लावावे लागते : उपचार चालू असताना ‘ए’, पुढे हाड नीट जुळत असताना दाखवायला आली तर ‘डी’. आता डॉक्टरने लिहिले उजवा हात, एक्स-रे काढला उजव्या हाताचा आणि कोडरने दोनच्या जागी एक किंवा एकच्या जागी दोन केले, तर विमा कंपनी बिल परत पाठवते. तसेच, कोड पाय मुरगळल्याचा आणि बिल छातीच्या एक्स-रेचे असेल तर कंपनी विचारते, पायासाठी छातीचा फोटो कशाला? रोग आणि उपचार यांचा मेळ बसलाच पाहिजे.

साखरेचा आजार घ्या. साधा मधुमेह असेल तर ई ११.९. त्याच मधुमेहाने मूत्रपिंडाला धक्का लावला असेल तर ई ११.२२, आणि मूत्रपिंडाची अवस्था सांगणारा आणखी एक कोड जोडावा लागतो. कोडरने सबंध टिपण वाचले नाही, पहिल्या ओळीवर काम उरकले, तर हा फरक सुटतो. कोंबडीने चोच मारली तर त्यालाही कोड आहे आणि गायीने धडक दिली तर त्यालाही आहे. हे वाचून आम्हालाही हसू आले होते. पण पुढे जे ६७.१ सापडला तेव्हा हसू थांबले. तो बगॅसोसिस या रोगाचा कोड आहे. जुन्या, ओल्या, बुरशी चढलेल्या बगॅसची धूळ छातीत जाऊन होणारा हा फुप्फुसाचा विकार १९४१ साली अमेरिकेतील लुइझियाना या ऊसकरी मुलखातून प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्या बगॅस यार्डावर काम करणाऱ्या माणसाची खबर त्या पुस्तकाने ठेवली आहे. (यार्डावरील कामगारांनी तोंडाला नुसता गमचा न बांधता मास्क वापरावा, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.)

आता या कामातील खरी गोम. कोडरने स्वतःचे डोके चालवून रोग ठरवायचा नसतो. जे टिपणात लिहिले नाही ते झालेच नाही असे धरायचे. बाहेरच्या रोग्याच्या टिपणात डॉक्टरने ‘न्यूमोनियाची शंका’ असे लिहिले तर न्यूमोनियाचा कोड देता येत नाही, खोकला असेल तर खोकल्याचा आणि ताप असेल तर तापाचा द्यायचा. रोगी दाखल होऊन घरी गेला आणि शेवटच्या कागदावरही शंकाच राहिली, तर मात्र नियम वेगळा आहे, तेथे तो रोग आहे असे धरून कोड देतात. असे शेकडो नियम आहेत, आणि परीक्षेत नेमके तेच विचारतात. टिपण अर्धवट असेल तर डॉक्टरला लेखी विचारायचे, अंदाज करायचा नाही. साध्या तपासणीला मोठ्या तपासणीचा कोड लावून जादा पैसे उकळणे हा तर गुन्हा आहे. सरकारकडे खोटी बिले पाठवणाऱ्यांसाठी अमेरिकेत १८६३ सालचा कायदा आहे. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल खपवणाऱ्या ठेकेदारांसाठी तो केला होता, आज तो दवाखान्यांना लागतो.

शिक्षण कसे असते

शिक्षणात आधी शरीररचना आणि वैद्यकीय शब्द येतात. शब्दांना घाबरू नये, त्यांची जोडणी कळली की पुष्कळ सोपे होते. शेवटी ‘आयटिस’ आले की सूज, ‘एक्टमी’ आले की कापून काढणे. अपेंडिसायटिस म्हणजे आतड्याच्या त्या शेपटाला सूज, अपेंडेक्टमी म्हणजे ते काढून टाकणे. पण ‘हायपर’ म्हणजे जास्त आणि ‘हायपो’ म्हणजे कमी, येथे डुलकी लागली की रक्तदाब उलटा होतो. त्यानंतर तीन पुस्तके, त्यांचे नियम, आणि मग सराव. सराव म्हणजे नावे झाकलेली टिपणे घेऊन कोड लावणे, चुका काढणे, पुन्हा लावणे. आमच्या मते सारे शिक्षण या शेवटच्या भागात आहे, आणि नेमका तोच भाग पुष्कळ क्लासवाले उरकून टाकतात.

सर्वांत अधिक चालणारे प्रमाणपत्र सीपीसी. ते अमेरिकेतील एएपीसी ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था देते. परीक्षेत १०० प्रश्न, चार तास वेळ, ७० टक्के गुण मिळाले की पास. पुस्तके उघडून बसता येते. ‘मग काय, पुस्तक बघून तर लिहायचंय!’ असे एक पोरगा आम्हाला म्हणाला. पण शंभर प्रश्नांना चार तास म्हणजे एका प्रश्नाला अडीच मिनिटेसुद्धा नाहीत. ज्याला पानाची वाट ठाऊक नाही तो पुस्तक चाळतच राहतो. परीक्षा घरी बसून संगणकावरही देता येते. नवख्याला पास झाल्यावर नावापुढे शिकाऊ म्हणून ‘ए’ लागतो, कामाच्या अनुभवाचा पुरावा दिला की तो जातो. पुढेही दर वर्षी वर्गणी आणि दर दोन वर्षांनी नव्या अभ्यासाचा हिशेब द्यावा लागतो. एएचआयएमए ही १९२८ पासूनची दुसरी संस्था आहे, तिच्या परीक्षा दाखल रोग्यांच्या कामासाठी मानल्या जातात.

एएपीसी पदवी मागत नाही. आपल्याकडील कंपन्या मात्र बी. एस्सी., फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. अशांना आधी घेतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी कचरू नये. कोडिंगमध्ये इंग्रजी वाचता येणे हवे, फाडफाड बोलणे नव्हे. बोलावे लागते ते बिलिंगच्या पाठपुराव्यात. तेथे विमा कंपनीला फोन लावायचा असतो, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. म्हणजे रात्रपाळी आलीच. मुलाला ‘बिलिंग’ला घेतले की ‘कोडिंग’ला, हे नेमणुकीच्या कागदावर वाचून घ्या.

आता एक घडलेली हकीकत. आपल्याच एका गटातील सभासदाने एकराच्या खोडव्याचे सगळे बिल शहरातल्या एका क्लासला नेऊन भरले. मुलगी बी. एस्सी., हुशार. तीन महिने क्लास झाला. पुस्तके दिली नाहीत, जुन्या आवृत्तीच्या झेरॉक्स दिल्या. शेवटी चकचकीत प्रमाणपत्र मिळाले, पण त्यावर शिक्का क्लासचाच. कंपनीत गेली तर विचारले, सीपीसी कुठे आहे? आणि चाचणीत जे कोड तिने लावले त्यातले काही बादच झालेले होते. क्लासच्या पत्रकावरची ‘१०० टक्के नोकरी’ पावतीवर कुठेच नव्हती. वडील चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पोरीने मात्र हाय खाल्ली नाही. दोन मैत्रिणींबरोबर वर्गणी काढून चालू वर्षाची पुस्तके घेतली, वर्षभर घरी बसून अभ्यास केला, पहिल्या खेपेला नापास आणि दुसऱ्या खेपेला पास झाली. आज ती पुण्यात काम करते आहे. त्यांच्या हॉलमध्ये मोबाईल नेता येत नाही, साधा कागद-पेनसुद्धा नाही. रोग्याची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून अमेरिकेत १९९६ साली कायदा झाला, त्याचा तो परिणाम. त्यामुळे पोरीने कामावर असताना फोन उचलला नाही तर आईने घाबरे होऊ नये.

तेव्हा पैसे भरण्याआधी क्लासवाल्याला तोंडावर विचारा : शिकवणाऱ्याजवळ स्वतःचे सीपीसी आहे का, पुस्तके कोणत्या वर्षाची, सरावाला टिपणे किती, परीक्षेची फी आणि संस्थेची वर्गणी आपल्या फीत धरली आहे की वेगळी. नोकरीची हमी देत असेल तर ती लेटरहेडवर लिहून मागा, पुष्कळदा तेथेच आवाज खाली येतो. आणि नोकरी लावण्यासाठी कोणी अनामत मागत असेल तर तेथून उठून यावे. काही कंपन्या नवख्यांना स्वतः शिकवून कामाला लावतात, त्यांची भरती आधी पाहावी.

हे काम जन्मभर असेच राहील असेही आम्ही म्हणणार नाही. एक्स-रेसारख्या साध्या, ठराविक कागदांना संगणक स्वतःच कोड सुचवू लागला आहे. माणसाकडे अवघड कागद आणि संगणकाच्या चुका काढणे हे काम अधिक येत आहे. म्हणून केवळ पाठांतरावर निभावणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, वाचनाची आणि खोदून पाहण्याची आवड असणाऱ्याने जरूर जावे. आपल्याकडेही महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि विम्याच्या कॅशलेस दाव्यांत उपचारांना ठराविक पॅकेज कोड असतात, त्यामुळे मोठ्या दवाखान्यांत कागद समजणारी माणसे लागतात. अमेरिकेचेच कागद वाचले पाहिजेत असे नाही.

वर जिची हकीकत दिली ती मुलगी वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी गावी येणार आहे. सकाळी दहा वाजता शेतकी ऑफिसच्या वरच्या खोलीत ती आपली पुस्तके घेऊन बसेल. ज्या सभासदांनी पत्रके आणून दाखवली त्यांनी ती बरोबर आणावीत, फी भरली असल्यास पावतीही आणावी, आणि मुख्य म्हणजे मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे.