सर्व्हरमधील भिंत आणि दूरचा कारभारी

कार्यालयातील सर्व्हर वीज जाऊन परत आल्यावर मध्यरात्री आपोआप सुरू व्हावा, त्यावरील माहितीसंग्रहाचा, छपाईचा आणि बॅकअपचा कारभारही कोणी न सांगता चालू व्हावा, आणि सकाळी त्याची देखरेख करणाऱ्याने दुसऱ्या गावाहून रिमोट डेस्कटॉपच्या द्वारे प्रवेश करून पाहावे तो त्या चालू प्रोग्रामची एकही विंडो पडद्यावर दिसू नये, हा अनुभव विंडोजच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांना नित्याचा आहे. टास्क मॅनेजरच्या यादीत प्रोग्रामचे नाव असते, काम बिनबोभाट होत असते. परंतु तो दृष्टीस मात्र पडत नाही. या अदृश्यतेला बिघाड समजून पुष्कळ लोक जे उपाय योजतात, ते मूळ दुखण्याहून घातक ठरतात. म्हणून ज्यांच्या दप्तराची भिस्त अशा सर्व्हरवर आहे, त्या सर्वांनीच या व्यवस्थेमागील हेतू समजून घेणे अगत्याचे आहे.

आपोआप सुरू होणारे प्रोग्राम मुख्यतः दोन प्रकारचे असतात. काहींची नोंद स्टार्टअप फोल्डरमध्ये केलेली असते, आणि ते कोणीतरी नाव व पासवर्ड देऊन आत आल्याखेरीज सुरूच होत नाहीत. दुसरे ते, ज्यांना सर्व्हिस म्हणतात. यंत्र जागे होताच, कोणी मनुष्य येण्याची वाट न पाहता, विंडोजचा सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर त्यांना सुरू करतो, आणि त्यांतील पुष्कळांना ‘लोकल सिस्टम’ या खात्याचे, म्हणजे त्या यंत्रापुरते जवळजवळ सर्वाधिकार, बहाल केलेले असतात. इकडे प्रवेश करणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी विंडोज एक स्वतंत्र, क्रमांकित सेशन निर्माण करते, आणि एका सेशनमधील विंडो दुसऱ्या सेशनमध्ये उमटत नाहीत. एकाच विंडोज यंत्रावर अनेकांनी दुरून एकाच वेळी काम करण्याची ही सोय मायक्रोसॉफ्टने १९९८ साली एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीतून दिली, आणि विंडोज २००० पासून ती सर्व्हरचे नित्याचे अंग झाली.

विंडोज सर्व्हर २००३ पर्यंत सर्व सर्व्हिस शून्य क्रमांकाच्या सेशनमध्ये चालत, आणि यंत्रासमोर प्रत्यक्ष बसणारा मनुष्यही त्याच सेशनमध्ये असे. दुरून येणाऱ्याला निराळा क्रमांक मिळे खरा. परंतु रिमोट डेस्कटॉप ‘कन्सोल’ या खास निर्देशासह सुरू केला, की त्यालाही शून्य सेशनमध्ये जाण्याची मुभा होती, आणि तेथे सर्व्हिसने उघडलेली विंडो दिसत असे. ही सोय मोठी होती, परंतु धोकाही तेवढाच मोठा होता. खजिन्याचा अधिकारी आणि कामानिमित्त आलेले अनोळखी लोक यांना एकाच मेजाभोवती बसवावे, आणि मेजावर पडलेली चिठ्ठी कोणी ठेवली याची चौकशी न करता अधिकाऱ्याने तिच्यावर अंमल करावा, तशी ती अवस्था होती. कारण विंडोजमध्ये एक विंडो दुसरीला जे संदेश पाठवते, त्यांवर पाठवणाऱ्याची ओळख नसे. सामान्य अधिकाराचा प्रोग्राम अशा संदेशांच्या आधारे सर्वाधिकारी सर्व्हिसकडून आपले काम करवून घेऊ शकतो, ही गोष्ट २००२ साली ‘शॅटर’ या नावाने जाहीरपणे मांडली गेली.

यावरचा कायमचा बंदोबस्त विंडोज व्हिस्टा आणि विंडोज सर्व्हर २००८ यांत झाला. शून्य सेशन केवळ सर्व्हिसकरिता राखून ठेवण्यात आले आणि मनुष्याला, मग तो यंत्रासमोर बसलेला असो वा दूर, एक वा त्यापुढील क्रमांक मिळू लागला. ‘कन्सोल’ या निर्देशाच्या जागी ‘ॲडमिन’ आला. परंतु तोही शून्य सेशनमध्ये नेत नाही. पलीकडे एखाद्या सर्व्हिसची विंडो खोळंबली असल्यास वापरकर्त्याला सूचना देऊन तिकडे डोकावू देणारी एक तात्पुरती खिडकी काही वर्षे ठेवलेली होती. २०१८ मध्ये विंडोज १० मधून तीही काढून टाकण्यात आली.

मग दूरच्या कारभाऱ्याने काय करावे? सर्व्हिसला पाहण्याचा हट्ट सोडून तिच्याशी बोलण्याचा मार्ग शोधावा. एसक्यूएल सर्व्हर ही सर्व्हिस पडद्याविना चालते आणि तिची देखरेख मॅनेजमेंट स्टुडिओ हा वेगळा प्रोग्राम सामान्यतः १४३३ क्रमांकाच्या पोर्टवरून करतो. पोस्टग्रेएसक्यूएलची तीच रीत, तिचा पोर्ट ५४३२. सर्व्हिस चालू आहे की बंद, ती कोणत्या खात्याने चालते, हे सर्व्हिसेसच्या यादीत कळते. ती का बंद पडली याचा तपशील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये किंवा तिच्या लॉग फाइलमध्ये मिळतो. आपण आपल्या सेशनमध्ये जोडलेला नेटवर्कवरचा ड्राइव्ह, उदाहरणार्थ झेड, सर्व्हिसला दिसत नाही, म्हणून तिला जागेचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. अनेक बॅकअप याच एका कारणाने निष्फळ होतात.

सर्वांत अनिष्ट उपाय म्हणजे, विंडो दिसत नाही म्हणून तोच प्रोग्राम आपल्या सेशनमध्ये पुन्हा सुरू करणे. पोर्ट वापरणारा प्रोग्राम असेल तर पोर्ट आधीच व्यापलेला आढळून दुसरी प्रत बहुधा बंद पडते, आणि त्यात फारसे नुकसान नाही. परंतु जो प्रोग्राम सरळ फाइलमध्ये नोंदी करतो, त्याच्या दोन प्रती एकाच फाइलवर लिहू लागल्या म्हणजे हिशेबाची जी नासाडी होते, ती कित्येकदा महिनाअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

काही प्रोग्राम असे असतात की त्यांना विंडोशिवाय चालताच येत नाही. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचे खाते नेमावे, यंत्र सुरू होताच त्या खात्याचा प्रवेश आपोआप व्हावा अशी तजवीज करावी, आणि देखरेखीसाठी दुरूनही त्याच खात्याने आत जावे, म्हणजे सामान्यतः तेच सेशन हाती येते. काम झाल्यावर ‘साइन आउट’ न करता ‘डिस्कनेक्ट’ करावे. साइन आउट केल्यास त्या सेशनमधील सर्व प्रोग्राम बंद होतात, डिस्कनेक्ट केल्यास ते चालू राहतात.

दुरून येण्याच्या या वाटेवरही पहारा हवा. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. मे २०१९ मध्ये उघडकीस आलेला ‘ब्लूकीप’ हा दोष पासवर्डविना यंत्राचा ताबा देऊ शकणारा होता, आणि त्याचे गांभीर्य एवढे होते की मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्यासाठीसुद्धा दुरुस्ती प्रसिद्ध केली. व्हीपीएनमधूनच प्रवेश द्यावा आणि सेशन सुरू होण्यापूर्वीच ओळख पटवून घ्यावी, हा नियम लहान कार्यालयांनीही पाळावा.

शून्य सेशनची भिंत गैरसोयीची वाटते म्हणून ती पाडण्याच्या युक्त्या शोधू नयेत. ती आपल्याच दप्तराच्या रक्षणार्थ उभारलेली आहे. जे सर्व्हिस लिहितात त्यांनी तिला मनुष्याच्या उत्तराची वाट पाहत थांबणारी विंडो कधीही उघडू देऊ नये आणि तिची प्रत्येक महत्त्वाची गोष्ट लॉगमध्ये नोंदवावी. आणि ज्यांच्याकडे सर्व्हरचा कारभार आहे त्यांनी तो लॉग रोज वाचावा, एवढीच विनंती आहे.