घराचे घड्याळ आणि नोकरीची वाट

शहरात स्त्रियांना नोकऱ्या किती, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्या नोकरीपर्यंत पोहोचून वेळेत घरी परतता येते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी दुसऱ्यात दडलेले आहे.

पुरुष घरातून निघतो तो थेट कचेरी गाठतो. नोकरदार स्त्रीच्या दिवसाची आखणी निराळी असते. पाण्याची वेळ, डबे, मुलांची शाळा, पाळणाघर, परतताना भाजी, या साऱ्यांतून उरलेल्या तासांतच तिला नोकरी आणि प्रवास दोन्ही बसवावे लागतात. पुरुषाला जे अंतर केवळ कंटाळवाणे वाटते, ते तिच्या लेखी अशक्य ठरते. मग ती घराजवळची, कमी पगाराची नोकरी पत्करते किंवा नोकरीच सोडते. शिरगणतीत तिची नोंद ‘घरकाम’ अशी होते; तिला घरी बसविण्यात प्रवासाचाही वाटा होता, याची नोंद कोठेच होत नाही.

मुंबईचे गिरणगाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. चाळ आणि गिरणी यांत चालत जाण्याइतकेच अंतर होते. म्हणूनच घरचे सांभाळून बाया गिरणीच्या खात्यांत राबू शकल्या, आणि कित्येकींनी कामगारांच्या खानावळी चालविल्या. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि पुढे त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. नोकऱ्या लोअर परळला आल्या. त्या नोकऱ्यांत सामान्य पगार मिळविणाऱ्यांची घरे मात्र विरार, बदलापूरकडे सरकली. गिरणी कामगारांना शेलू-वांगणीस घरे देण्याच्या योजनेला २०२५ साली जो विरोध झाला, त्यामागेही हेच दुखणे होते.

विकासाची विसंगती अशी की, उपनगरी रेल्वेच्या विस्तारासाठी रुळांलगतच्या वस्त्या हलवून हजारो कुटुंबांना मानखुर्द, वाशीनाका येथे पक्की घरे देण्यात आली. डोक्यावर छप्पर आले, हे खरेच. परंतु जवळच्या चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काम जुन्या वस्तीपाशीच राहिले. रोजचे भाडे आणि जाण्यायेण्याचे तास तिच्या मिळकतीत बसत नाहीत. घर मिळाले आणि काम गेले, असा हा व्यवहार.

उपाय झालेच नाहीत, असे नाही. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-बोरिवली ही स्त्रियांसाठीची खास गाडी सुरू झाली. परंतु कचेरीच्या वेळेला धावणारी गाडी पाळीवरून रात्री सुटणाऱ्या परिचारिकेच्या उपयोगाची नाही. दिल्लीने ऑक्टोबर २०१९ मध्ये, तर कर्नाटकाने जून २०२३ मध्ये स्त्रियांना बसप्रवास मोफत केला. महाराष्ट्राने मार्च २०२३ मध्ये एस.टी.चे भाडे त्यांच्यासाठी निम्मे केले. लोकल गाडीस ती सवलत लागू नाही. घरखर्चात स्वतःच्या प्रवासाला सर्वांत शेवटी पैसे काढणाऱ्या स्त्रीला अशा सवलतीचे मोल मोठे आहे. तथापि बसच न आली, किंवा थांब्यापासून घरापर्यंतची वाट अंधारी असली, तर मोफत तिकीट काय कामाचे?

तेव्हा स्थानकापासून वस्तीपर्यंत रात्री उशिरापर्यंत धावणाऱ्या बसगाड्या, दिवाबत्ती, स्वच्छ स्वच्छतागृहे, स्थानकालगतची पाळणाघरे आणि पुनर्वसनाचे ठिकाण ठरविण्यापूर्वी घरातील स्त्रीच्या कामाची चौकशी, एवढे तरी व्हावयास हवे. यांतील एकही गोष्ट अवाढव्य खर्चाची नाही. मुलींना शिकविण्यावर समाजाने कैक पिढ्या कष्ट वेचले आहेत. त्या शिक्षणाचे चीज व्हायचे असेल, तर शिकलेल्या मुलीला कामावर जाण्याची आणि तेथून सुखरूप परतण्याची वाटही याच समाजाने बांधून दिली पाहिजे.