१८९७ची बंदूक, आजचे काडतूस

हॉलिवूडचे चित्रपट पाहणाऱ्यांना पम्प-अ‍ॅक्शन बंदूक नावाने ठाऊक नसली तरी आवाजाने नक्कीच ठाऊक असते. नायक नळीखालची लाकडी मूठ एका हाताने मागे खेचतो, पुन्हा पुढे ढकलतो आणि ‘खट्-खट्’ असा दुहेरी आवाज होतो. बार उडण्यापूर्वीच समोरचा निम्मा खचलेला असतो. या आवाजामागची यंत्रणा १९व्या शतकातली आहे आणि त्या काळातल्या बंदुका जमवणाऱ्यांचा, इतकेच नव्हे तर त्या आजही चालवणाऱ्यांचा मोठा वर्ग अमेरिकेत आहे. जुनी नाणी किंवा तिकिटे जमवणाऱ्याला कधीच न पडणारा एक प्रश्न या मंडळींपुढे कायम असतो. ही वस्तू वापरायची की नुसती जपायची? कारण जुनी बंदूक चालते आणि चुकली तर चालवणाऱ्याचाच हात किंवा डोळा घेऊन जाते.

शॉटगन म्हणजे एका गोळीऐवजी छर्ऱ्यांचा पुंजका फेकणारी, आतून गुळगुळीत नळीची बंदूक. आपल्याकडे ‘बारा बोअर’ म्हणून जी परिचित आहे, ती हीच. (एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणूनच सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते.) पूर्वी तिला एक किंवा दोन नळ्या असत. एक-दोन बार झाले की बंदूक मोडून पुन्हा भरावी लागे. पम्प-अ‍ॅक्शनमध्ये नळीखाली दुसरी एक नळी असते आणि तिच्यात काडतुसे एकामागे एक भरलेली असतात. मूठ मागे खेचली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि घोडा चढतो. मूठ पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत जाऊन बोल्ट बंद होतो.

बाजारात चाललेली अशी पहिली बंदूक ख्रिस्तोफर स्पेन्सर आणि सिल्व्हेस्टर रोपर यांची, १८८२ सालची. स्पेन्सरचे नाव अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या त्याच्या रायफलीमुळे आधीच झालेले होते. रोपर हा वाफेवर चालणारी दुचाकी बनवणारा अवलिया. १८९६ मध्ये तीच दुचाकी चालवताना त्याचा मृत्यू झाला. त्यांचा कारखाना काही तरला नाही. न्यू यॉर्कचा युद्धसाहित्याचा व्यापारी फ्रान्सिस बॅनरमन याने १८९० मध्ये ती बंदूक विकत घेतली आणि पुढे विंचेस्टर कंपनीने स्वतःची पम्प-अ‍ॅक्शन बाजारात आणताच पेटंटभंगाचा दावा ठोकला. विंचेस्टरच्या वकिलांनी युरोपातली त्याहून जुनी पेटंटे शोधून काढली आणि बॅनरमन हरला. हडसन नदीतल्या बेटावर शस्त्रसाठ्यासाठी किल्ल्यासारखे कोठार बांधणारा तो हाच बॅनरमन.

विंचेस्टरची ती बंदूक म्हणजे ‘मॉडेल १८९३’. तिचा कर्ता होता युटा राज्यातल्या ऑग्डेनचा जॉन ब्राउनिंग. बंदुकीच्या इतिहासात या माणसाइतकी विविध यंत्रे दुसऱ्या कोणी क्वचितच दिली असतील. पण १८९३च्या मॉडेलचे नशीब फुटके निघाले. ती काळ्या दारूसाठी बनवलेली होती आणि नेमक्या त्याच वर्षांत बिनधुराची दारू काडतुसांत शिरू लागली होती. ही नवी दारू थोड्या वजनात अधिक दाब निर्माण करते. त्या दाबाला १८९३ पुरी पडेना. विंचेस्टरने जुन्या बंदुका परत घेऊन नवे मॉडेल देण्याची तयारी दाखवली आणि सुमारे ३४ हजार बंदुकांनंतर ते उत्पादन थांबले. अनेक परत गेल्यामुळे उरलेल्या आज दुर्मीळ आहेत आणि दुर्मीळ असल्यामुळेच संग्राहकाला हव्या आहेत. ज्या दोषामुळे कारखान्याने वस्तू मागे घेतली त्याच दोषाने तिची किंमत वाढवली, असा हा उलटा व्यवहार आहे.

तिच्या जागी आलेली ‘मॉडेल १८९७’ मात्र ६० वर्षे, म्हणजे १९५७ पर्यंत बनत राहिली आणि तिचा आकडा दहा लाखांच्या वर गेला. सांगाडा मजबूत केला, वरची बाजू बंद केली. घोडा मात्र बाहेर, उघडाच राहिला. हा उघडा घोडा हीच तिची ओळख. मूठ खेचली की बोल्ट सांगाड्याच्या मागून बाहेर येतो आणि घोड्याला मागे दाबतो. दस्त्यावर अंगठा जरा वर ठेवलेल्या नवख्याला हा बोल्ट एकदा तरी प्रसाद देतोच. तिची दुसरी खोड अशी की, रिकामी बंदूक हाताळताना चाप ओढल्यावर मूठ मागे सरकत नाही. आधी ती किंचित पुढे ढकलावी लागते. खऱ्या बारात हे काम धक्क्याने आपोआप होते. पण ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस बंदूक अडकली असे समजून जोर लावतो आणि १०० वर्षे टिकलेला भाग मोडून ठेवतो.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. आजच्या पम्प-अ‍ॅक्शन बंदुकीत प्रत्येक बारासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. १८९७ मध्ये आणि तिच्यानंतर १९१२ साली आलेल्या, घोडा आत दडवलेल्या ‘मॉडेल १२’मध्ये तशी सोय नाही. चाप दाबून धरला आणि मूठ मागेपुढे केली, तर बोल्ट बंद होताक्षणी बार उडतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने १८९७ची नळी आखूड करून, तिच्यावर भोकांचे पत्र्याचे आच्छादन आणि संगीन बसवून ती खंदकांत नेली, तेव्हा हा गुण भयंकर उपयोगी ठरला. १९ सप्टेंबर १९१८ रोजी जर्मनीने या बंदुकीविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला. हेग कराराने अनावश्यक यातना देणारी शस्त्रे निषिद्ध ठरवली आहेत, असा तिचा दावा. विषारी वायू वापरणाऱ्या देशाने असे म्हणावे, यावर वेगळे भाष्य नको! अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी तो निषेध फेटाळला. त्या बंदुकीची खरी अडचण वेगळीच होती. कागदी काडतुसे खंदकातल्या ओलीने फुगत आणि नळीत जाईनात. पुढे सैन्यासाठी पूर्ण पितळी काडतुसे काढावी लागली.

ही ‘खंदकी’ बंदूक आज संग्राहकांची सर्वात आवडती आहे आणि साहजिकच नकलांचे प्रमाणही तिथेच मोठे आहे. भोकांचे आच्छादन नवे बनवून मिळते. साध्या शिकारी बंदुकीची नळी कापली, लष्करी शिक्का ठोकला की झाली ‘युद्धातली’. त्यामुळे जाणकार प्रथम बंदुकीकडे नव्हे, तर स्क्रूकडे पाहतात. खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी ती उघडलेली आहे. मग सांगाड्यावरचा आणि नळीकडच्या भागावरचा असे दोन्ही क्रमांक जुळवून पाहतात, कारण दोन तुकड्यांत सुटणाऱ्या या बंदुकीची नळी बदलणे सोपे असते. पोलादावरचा निळसर काळा मुलामा नव्याने चढवलेला असेल तर बंदूक देखणी दिसते, पण किंमत घसरते. आपल्याकडे जुन्या पितळी समया घासून लख्ख करण्याची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

क्रमांकाला आणखी एक महत्त्व आहे. अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ती ‘बंदूक’ उरत नाही. राज्यांचे नियम निराळे असतात, तो भाग वेगळा. म्हणजे १८९८ सालची १८९७ आणि १८९९ सालची १८९७ या हुबेहूब सारख्या, तितक्याच घातक. पण एक पुराणवस्तू आणि दुसरी शस्त्र. अशा वेळी वायोमिंग राज्यातल्या कोडी येथील संग्रहालयात जपलेल्या विंचेस्टरच्या कारखान्याच्या वह्या कामी येतात. ५० वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकांचा स्वतंत्र परवानाही तिथे आहे.

आता चालवण्याचा प्रश्न. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात ‘काउबॉय’ नेमबाजीचा खेळ सुरू झाला. जुन्या पश्चिमेतला पोशाख, टोपणनाव, दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल आणि एक शॉटगन असा हा थाट. पम्प-अ‍ॅक्शनपैकी त्यात उघड्या घोड्याची १८९७ चालते, आणि तिच्यातही एका वेळी दोनच काडतुसे भरता येतात. या खेळाने तिला पुन्हा मागणी आली. इतकी की, चीनमध्ये तिची नक्कल बनू लागली. माझ्या मते स्पर्धेतल्या धावपळीसाठी नक्कलच बरी. शतकापूर्वीच्या मूळ बंदुकीचा घोडा अर्धवट चढवून ठेवणे हीच तिची सुरक्षा, आणि ती खाच झिजलेली असेल तर सुरक्षा नावापुरती उरते.

सर्वात फसवी बाब म्हणजे काडतुसाची लांबी. आजचे प्रचलित काडतूस ७० मिलीमीटरचे असते, पण ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या तोंडाची. न उडालेले काडतूस त्याहून आखूड असल्यामुळे ते जुन्या, ६७ मिलीमीटरच्या खोबणीतही निमूट बसते. १८९३ची खोबण तेवढीच आहे आणि सोळा बोअरच्या १८९७ची तर कित्येक वर्षे ६५ मिलीमीटर होती. बार झाल्यावर तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसले म्हणजे चालेल, हा सर्वसामान्य तर्क येथे घातक ठरतो. खोबण कोरून वाढवता येते, परंतु मग मूळपण गेले. त्यामुळे कमी दाबाची, आखूड काडतुसे वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग. पोलादी छर्रेही या जुन्या, तोंडाशी आवळलेल्या नळ्यांना सोसत नाहीत. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला १९९१ पासून शिशाचे छर्रे चालत नाहीत, त्यामुळे आजोबांची बंदूक बदकांवर न्यायची तर बिस्मथसारख्या मऊ धातूचे महाग छर्रे घ्यावे लागतात.

काही बंदुकांच्या बाबतीत तर चर्चेलाच जागा नाही. मार्लिन कंपनीने १८९८ पासून बनवलेल्या उघड्या घोड्याच्या पम्प-अ‍ॅक्शन बंदुका चालवू नका, अशी सूचना खुद्द त्या कंपनीनेच दिलेली आहे. त्या भिंतीवरच शोभतात. इतर बंदुकांबाबतही निर्णय मालकाने नव्हे, कारागिराने घ्यावा. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम येथे नळीची सक्तीची चाचणी होते. अमेरिकेत अशी कायदेशीर सक्ती नाही, म्हणून तिथे ही जबाबदारी सर्वस्वी घेणाऱ्यावर पडते.

आपल्याकडे हा छंद या स्वरूपात शक्य नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्यापुराण्या शस्त्रांना सूट आहे, पण तिचा निकष वर्ष नसून अवस्था आहे. दुरुस्त करूनही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच ती मिळते. वाड्याच्या माळ्यावर सापडलेली आजोबांची बारा बोअर चालू स्थितीत असेल, तर ती कितीही जुनी असो, परवाना लागतोच. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्या दोनातच मोजल्या जातात.