खोक्याच्या फळीतलं वर्ष

भुसावळ-दीपनगरकडे यंत्राच्या खोक्याची हलकी, पांढुरकी फळी दिसली की सुतार तिला सरसकट देवदार म्हणून मोकळा होतो. बहुतेक वेळा ती पाइनची असते. फळीचं टोक धारदार पटाशीने आडवं तासावं, जरा ओलं करावं आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग लावावं. वलयांमध्ये टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले तर ती राळेच्या नळ्यांची तोंडं, म्हणजे फळी देवदाराची नाही. देवदारात अशा नळ्या एरवी नसतात. झाडाला जखम झाली तरच त्या वर्षीच्या वलयात त्यांची ओळ उमटते. जुना घाव लाकूड असं वर्षासकट जपून ठेवतं.

प्रत्येक वलयात एक फिकट पट्टा असतो, एक गडद. देवदार-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडात सुमारे ९० टक्के पेशी एकाच प्रकारच्या, लांबट. पाणी वर चढवायचं आणि खोडही तोलून धरायचं, दोन्ही कामं त्यांचीच. वाढीच्या सुरुवातीला पाण्याची निकड, म्हणून पेशी मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतीच्या. हंगाम सरताना त्या बारीक आणि जाड भिंतीच्या होतात. नुसती वलयाची रुंदी मोजली तर वर्ष बरं गेलं की वाईट, एवढंच समजतं. पेशींची रांग सालीच्या दिशेने एकेक करून वाचली, की वर्षातला कोणता काळ कोरडा गेला याचाही माग लागतो. वलयांच्या अभ्यासाचं खरं मोल मला इथेच वाटतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हिमालयातल्या देवदारांची वलयं अभ्यासली. तिथे मार्च ते मे तापला आणि कोरडा गेला, की वलय अरुंद होतं. याच संस्थेतल्या बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केरळातल्या सागाची ५२३ वर्षांची मालिका मांडली. त्यातली अरुंद वलयं पावसाच्या दुष्काळाशी जुळतात.

साग सूचिपर्णी नव्हे. त्याच्यात पाण्याच्या नळ्या वेगळ्या, आधाराचे तंतू वेगळे. पण वाढ सुरू होताच मोठ्या नळ्यांची रांग पडते, त्यामुळे वर्षाची सीमा साध्या डोळ्यांनाही दिसते. साग यावलच्या जंगलात उभा आहे, तसाच खानदेशातल्या जुन्या घरांच्या तुळयांतही आहे. म्हणून एक विनंती. जुनं घर उतरवाल तेव्हा तुळईच्या टोकाची बोटभर जाड चकती, शक्यतो सालीकडच्या कडेसकट, कापून ठेवा. तिच्यावर गावाचं नाव आणि घर कधी बांधलं ते ठाऊक असेल तर तेही लिहा.