'गाय' हा शब्द किती जुना?

आज एक साधा प्रश्न घेऊ. पहिलीतलं मूलसुद्धा वाचतं तो 'गाय' हा शब्द आला कुठून? "संस्कृतातून" हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

आधी हे शब्द मोठ्याने वाचून बघा :

संस्कृत – गो
फारसी – गाव
लाटव्हियन – गोव्स
आर्मेनियन – कोव्ह
इंग्रजी – काउ
प्राचीन ग्रीक – बूस

लाटव्हिया हा देश पार युरोपात, बाल्टिक समुद्राकाठी. आणि आपल्या शेजारच्या तेलुगूत गायीला म्हणतात 'आवु'. शेजारचा शब्द वेगळा, हजारो किलोमीटरवरचा सारखा! असं का?

१७८६ साली विल्यम जोन्स यांनी कोलकात्याच्या व्याख्यानात सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतलं साम्य योगायोगाचं नाही. या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. त्या भाषेला आपण आद्य भारत-युरोपीय म्हणतो. संस्कृत तिची एक मुलगी. म्हणजे संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे, मावशी! मूळ भाषेचं लिखाण मिळालेलं नाही. म्हणून लेकींचे शब्द ताडून तिचे शब्द बांधतात आणि पुढे तारा काढतात : *ग्वोउस, म्हणजे गाय.

पण 'ग'चा कुठे 'क', कुठे 'ब' कसा झाला? मूळ ध्वनी 'ग्व' होता, ओठ गोल करून म्हणायचा. संस्कृतात ओठांचं काम सुटलं, उरला 'ग'. ग्रीकमध्ये इथे ओठच उरले, झाला 'ब'. इंग्रजीच्या शाखेत 'ग'चा 'क' झाला. एका शब्दावर नियम ठरत नाही, म्हणून दुसरा घ्या. 'आगमन'मधला 'गम्', इंग्रजी 'कम', ग्रीक 'बाइनो' (चालतो). पुन्हा ग, क, ब! असा बदल नेमाने दिसला, तरच शब्दांचं नातं मानायचं.

प्रत्येक प्राण्याचं नाव मात्र या घरातलं नाही. 'अश्व' आहे, त्याचे भाऊ लॅटिन 'एक्वुस', फारसी 'अस्प'. आपला रोजचा 'घोडा' मात्र या घरातला मानत नाहीत.

आता 'गो'ची 'गाय' कशी झाली? इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पतंजलींनी महाभाष्यात लोकांच्या तोंडचे काही शब्द 'गौः'चे अपभ्रंश म्हणून नोंदवले. त्यांत एक होता 'गावी'. त्याचंच प्राकृतात 'गाई' आणि मराठीत 'गाय' झालं. बघा, तेव्हा जो शब्द बिघडलेला ठरला, तोच आज आपल्या पाठ्यपुस्तकात शुद्ध आहे!

'गो'चं कुटुंब आपल्या लोधिवलीच्या आसपास रोज ऐकू येतं. गोठा (गोष्ठ), गवळी (गोपाल) आणि गुरं (गोरूप) हे सगळे त्यातलेच.

म्हणून शिक्षक मित्रांनो, ठाकरवाडीतलं किंवा कातकरवाडीतलं मूल घरचा शब्द वर्गात बोललं, तर "अशुद्ध" म्हणून लगेच खोडू नका. आधी फळ्यावर लिहा. शेजारी पुस्तकातला शब्द लिहा आणि मुलांनाच विचारा, कोणतं अक्षर बदललं? भाषेचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.